थोरलीचा रविवार

प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोडीला सगळे थोरली म्हणायचे. एके काळी तिच्याबरोबर धाकटीही होती. ती गेली आणि थोरली एकटीच थोरली राहिली. वय एकेचाळीस, वजन दीड टन, दाढा झिजलेल्या, आणि स्वभाव असा की मनात आलं तर अख्खी सकाळ फक्त नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवून पडून राहील. तिला सांभाळणाऱ्या माणसाला लहानथोर सगळे काका म्हणत. काकांनी एकतीस वर्षं तोच हौद रिकामा केला, घासला, भरला आणि त्याच गव्हाणीत चारा टाकला. थोरलीशी ते जितकं बोलले तितकं माझ्याशी बोलले नाहीत, असं काकू म्हणायच्या. त्यात तक्रार किती आणि सुटका किती, हे सांगणं कठीण होतं.

रोज संध्याकाळी जनावराचा तक्ता भरून ऑफिसात द्यायचा, हा नियम जुना. काकांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून ते तक्त्यात गोल काढायचे. सगळं खाल्लं तर पुरा गोल, अर्धं खाल्लं तर अर्धा, तोंड लावलं नाही तर नुसती रेघ. ते गोल फायलीत जायचे, फाइल कपाटात जायची आणि कपाटाच्या मागे पाली सुखाने नांदायच्या. इतक्या वर्षांत एकाही गोलाबद्दल कुणी काकांना काही विचारलं नाही.

पंचावन्नाव्या वर्षी काकूंनी त्यांना अक्षरओळख करून दिली. भाजी निवडता निवडता शिकवायच्या आणि चुकलं की देठ फेकून मारायच्या. काकांना अक्षरांची अशी काही गोडी लागली की रस्त्यावरची एक पाटी सोडीनात. औषधाच्या बाटलीवरचं बारीक लिखाण, बसच्या तिकिटाची मागची बाजू, दुकानाच्या शटरवरचा अर्धा पुसलेला मजकूर, सगळं ओठ हलवत वाचायचे. त्यांच्याबरोबर बाहेर पडलं की दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो, म्हणून काकू एकट्याच बाजारात जाऊ लागल्या.

मग नवी डॉक्टर आली. तरुण, उंच, दूरच्या देशातून आलेली, आणि इंग्रजीशिवाय दुसरी भाषा न येणारी. तिच्याकडे तीन प्राणिसंग्रहालयं होती, त्यामुळे इथे ती मंगळवारी आणि शुक्रवारी तासाभरासाठीच यायची. मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, की यापुढे तक्ते इंग्रजीत. फर्मानाबरोबर शिकवणीही लावून दिली. मंगळवारी संध्याकाळी तिकीटघराच्या मागच्या खोलीत एक बाई यायच्या. पहिल्या दिवशी चौदा जण बसले, दुसऱ्या आठवड्यात सहा, आणि महिन्याने काका, सापघराचा माणूस आणि एक मांजर उरले. सापघराचा माणूस पंख्यासाठी यायचा.

बाई काकांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या, पण शिकवताना कुणाची भीड ठेवत नसत. एके दिवशी त्यांनी फळ्यावर सहा शब्द एकाखाली एक लिहिले. ऑलवेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर. नेहमीपासून कधीच नाहीपर्यंत उतरत जाणारा जिनाच तो. बाईंनी अर्थ सांगितले, पण त्यांचा सगळा भर होता तो शब्दाच्या जागेवर. एखादी गोष्ट किती वेळा घडते ते सांगणारा शब्द इंग्रजीत क्रियापदाच्या अगदी आधी बसतो, करणाऱ्याच्या आणि करण्याच्या मध्ये. शी ईट्स, आणि मधे ऑलवेज. शेवटी टाकला तर कानाला खुपतो, सुरुवातीला टाकला तर उगाच नाटकी वाटतो.

काकांना हे चटकन पटलं. पिंजऱ्याला दोन दारं असतात. पहिलं दार उघडून आत जायचं, ते लावून घ्यायचं, मगच दुसरं उघडायचं, आणि त्या दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत राखणदार उभा. शी हे पहिलं दार, ईट्स हे दुसरं, मधे आपला शब्द बादली घेऊन उभा. हा त्यांचा हिशेब ऐकून बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. पुढे इज आणि ॲम आले, तेव्हा हे शब्द दुसऱ्या दाराच्याही पलीकडे जाऊन बसतात असं कळलं. शी इज ऑलवेज हंग्री. काकांना ते काही रुचलं नाही. इज हा एवढा कोण लागून गेला, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या की शहामृग कसं कुणाचं ऐकत नाही, तसंच समजा. मग काकांनी इजचा नाद सोडला.

निघताना बाईंनी गृहपाठ दिला. रोज एक शब्द घ्यायचा, दिवसभर तोच वापरून वाक्यं लिहायची, आणि आठवडाभर एकही शब्द उपाशी ठेवायचा नाही.

आता इथे काकांनी जे केलं, ते वाटून द्यायची सवय लागलेला माणूसच करू जाणे. सोमवारी प्राणिसंग्रहालय बंद, काकांनाही सुट्टी. उरले सहा वार आणि शब्दही सहाच. असा चोख मेळ बसल्यावर आणखी काय हवं? मंगळवारी ऑलवेज, बुधवारी युज्वली, असं करत रविवारी नेव्हर. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आणि गृहपाठाची वेगळी वही कशाला? तक्ता रोज लिहावा लागतोच, आणि फर्मान काहीही म्हणो, इतक्या वर्षांत तो कुणी वाचल्याचं काकांनी पाहिलं नव्हतं. एकाच कागदावर दोन्ही कामं उरकायची. काकांनी हे काकूंनाही सांगितलं नाही. आपली युक्ती आपल्यालाच सुचली, याचं सुख ते मनातल्या मनात चाखत राहिले.

असे सहा महिने गेले. मंगळवारच्या तक्त्यात थोरली नेहमी खायची, नेहमी प्यायची, नेहमी झोपायची. शुक्रवारी हे सगळं कधीकधी करायची. रविवारी ती कधीच खायची नाही, कधीच प्यायची नाही आणि डोळ्याला डोळा लावायची नाही. प्रत्यक्षात ती सातही दिवस गव्हाण चाटून पुसून ठेवत होती.

एका गुरुवारी मोठ्या साहेबांनी काकांना वर बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. एकतीस वर्षांत त्या खोलीत काकांना खुर्ची मिळाली नव्हती, त्यामुळे ते टोकावरच बसले. साहेब म्हणाले की डॉक्टर तुमच्या तक्त्यांवर बेहद्द खूश आहेत. साऱ्या कर्मचाऱ्यांत एकट्या तुमची वाक्यं बिनचूक, एकही शब्द जागा सोडून बसलेला नाही. शिवाय तुमचा प्रामाणिकपणा त्यांना फार भावला.

"कसला प्रामाणिकपणा?" काकांनी विचारलं.

"तुम्ही स्वतः लिहिलंय ना, की रविवारी मी हौद कधीच धूत नाही. कोण लिहितं हो असं स्वतःबद्दल?"

काकांनी हातातली कपबशी टेबलावर ठेवली. म्हणजे कुणीतरी वाचत होतं. आधी छातीत ऊब आली, जशी काकूंनी पहिल्यांदा शाबास म्हटल्यावर आली होती. आणि त्या उबेतच साहेबांचं पुढचं बोलणं कानावर पडलं. डॉक्टरांनी तक्त्यांवरून निदान केलं होतं. आठवडाभर गर्दी वाढत जाते तसं थोरलीचं खाणं उतरत जातं, आणि रविवारच्या झुंबडीत ती अन्नपाणीच सोडते. सोमवारी बंद असतं, जनावर सावरतं, मंगळवारी पुन्हा खाऊ लागतं. तेव्हा म्हातारपणी तिचे हाल नकोत. दूरच्या मोकळ्या उद्यानात, जिथे बघे नाहीत, तिथे तिला पाठवायचं. मंगळवारी ट्रक येतो. दोन दिवसांचा प्रवास, गुंगीचं औषध देऊन.

गुंगीचं औषध ऐकताच काकांना धाकटी आठवली. तिलाही अशीच गुंगी देऊन दात तपासायला घेतलं होतं, आणि ती पुन्हा उठली नव्हती. ती तर थोरलीहून बारा वर्षांनी लहान होती.

काकांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांनी उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि काका चहा न पिताच जिना उतरले.

घरी येऊन त्यांनी काकूंसमोर सगळं ओकून टाकलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हातातला सदरा बाजूला ठेवला.

"तुमचे गोल बरे होते," त्या म्हणाल्या. "शिकवलं हेच माझं चुकलं."

काकांनी दुसरा मार्ग सुचवून पाहिला. यापुढे रोज ऑलवेज लिहिलं तर? थोरली बरी झाली, असं वाटेल. काकू म्हणाल्या की ट्रक मंगळवारी आहे, तुमचं ऑलवेज तिथवर पोचायचं नाही. आणि एक खोटं झाकायला दुसरं शिवायला घेतलंत तर ठिगळांचाच सदरा होईल.

"मग काय करू?"

"जायचं आणि सांगायचं. फार तर ओरडेल. ती तुम्हाला खाणार थोडीच आहे? एवढं धूड आहे तुमच्या थोरलीचं, तेसुद्धा गवतच खातं."

शुक्रवारी डॉक्टर आली, तेव्हा काका शिकवणीची वही काखेत धरून तिच्या दाराशी उभे होते. साहेबांनाही बोलावलं होतं, इकडचं तिकडे समजावून द्यायला. खोलीत शिरल्या शिरल्या काकांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच खिळली. दारापासून खिडकीपर्यंत एक लांब कागद चिकटवला होता. त्यावर रंगीत पेन्सिलीने रेघ काढलेली. वरून खाली उतरायची, तळाशी टेकायची, एकदम वर चढायची आणि पुन्हा उतरायची. करवतीच्या दातांसारखी, सव्वीस आठवड्यांचे सव्वीस दात. एकही दात लहानमोठा नाही. काकांना कळायला वेळ लागला नाही. हा त्यांचाच गृहपाठ होता.

त्यांनी वही उघडली. पानावर सहा शब्द, आणि प्रत्येकाच्या पुढे एक एक वार. बोट ठेवून एकेक दाखवलं. डॉक्टरने वही बघितली, भिंत बघितली, पुन्हा वही. साहेब समजावून सांगता सांगता अडखळले, कारण त्यांना स्वतःलाच आता समजत होतं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. हसू दाबल्याने की रागाने, हे काकांनी बघायचं टाळलं.

डॉक्टर हसली नाही, ओरडलीही नाही. तिने भिंतीवरच्या कागदावरून हात फिरवला, एखादी सुंदर वस्तू हातातून जाताना फिरवावा तसा. मग ती बराच वेळ बोलली. साहेबांनी त्याचा सारांश सांगितला. डॉक्टर म्हणतात, वही कालसुद्धा लिहिलेली असू शकते. एकतीस वर्षं सांभाळलेलं जनावर जाणार म्हटल्यावर कुणीही काहीही सांगेल. तक्ते खोटे की वही खोटी, हे तुमच्या शब्दावर कसं ठरवायचं?

त्यांचा शब्द तर त्यांनीच सव्वीस आठवडे उधळला होता.

"रविवारी मी स्वतः बघेन," असं डॉक्टरने शेवटी सांगितलं. रविवारी अकराला, भर गर्दीत, तिच्या डोळ्यांदेखत थोरलीने खाल्लं तर ट्रक परत. नाही खाल्लं तर ट्रक मंगळवारी.

शनिवारी काकांनी चारा स्वतः कापला, नेहमीपेक्षा बारीक. काकूंनी सांगितलं की रात्रीचं कमी घाला, म्हणजे सकाळी तुटून पडेल. काका म्हणाले की एवढी लबाडी पुरे झाली, आणि रोजचं तेवढंच घातलं.

रविवारी काकूंनी इस्त्री केलेला सदरा त्यांच्या अंगात घातला. गमबूट पुसून दिले. कठड्याला माणसांची भिंत लागली होती. कुणी खांद्यावर पोर घेतलेलं, कुणी आइस्क्रीम चाटतंय, कुणी थोरलीच्या नाकपुड्या बघून बेडूक बेडूक म्हणतंय. डॉक्टर चाऱ्याच्या दाराशी कागद लावायची पाटी आणि पेन्सिल घेऊन उभी होती, शेजारी साहेब. काकांनी टोपल्या रिकाम्या केल्या. चारा, गाजरं, भिजवलेला कोंडा. मग डॉक्टरने बोलावण्याची खूण केली.

आणि काकांनी विचार केला की पाहुण्या बाईसमोर तिला न कळणाऱ्या भाषेत बोलणं बरं दिसत नाही. आपण काही चोरून सांगतोय असं वाटायला नको. दोन दिवस घोकून ठेवलेलं इंग्रजी त्यांनी घसा खाकरून काढलं.

"गुड मॉर्निंग, मॅडम. प्लीज कम. प्लीज ईट."

पाण्यावर दोन कान दिसत होते. ते एकदा फिरले आणि थांबले. काकांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. प्लीजची संख्या वाढवली. कान खाली गेले. मग नाकपुड्या मिटल्या आणि त्याही गेल्या. हौदावर नुसते बुडबुडे राहिले. पाच मिनिटं झाली, थोरली एकदा श्वास घ्यायला वर आली आणि हौदाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पडली. अनोळखी आवाजात कुणी हाक मारली की ती तिथेच जायची. दहा मिनिटं झाली. डॉक्टरने पाटीवर काहीतरी लिहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि काकांकडे बघायचं टाळलं.

काकांना घाम फुटला. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. त्यांना डोळ्यांसमोर ट्रक दिसला, लोखंडी पिंजरा दिसला, आणि त्या पिंजऱ्यात न उठणारं एक धूड दिसलं. मग पाहुणीही विसरले, इंग्रजीही विसरले. आली ती नुसती चीड, रोजची, घरातल्या माणसावर येते तशी.

"अगं ए थोरले! किती लोळशील? तुझ्यापायी माझी इथे शोभा चाललीय आणि तू तिकडे तोंड फुगवून बसलीयस होय? चल ऊठ. कोंडा निवतोय. पुन्हा मला म्हणू नकोस, गार झाला म्हणून."

पलीकडच्या कोपऱ्यात पाणी फुगलं. आधी कान, मग कपाळ, मग ती सबंध काळी पाठ, आणि हौदाचं पाणी दोन्ही कडांवरून सांडलं. थोरली पायऱ्या चढून वर आली, हळूहळू, कुणी घाई केली तर मी परत जाईन अशा तोऱ्यात. गव्हाणीशी येऊन तिने आधी काकांचा सदरा हुंगला. इस्त्रीचा वास आवडला नसावा, कारण तिने त्यावर सणकून शिंकरलं. कठड्यावरची माणसं खिदळली. मग तिने कोंड्यात तोंड घातलं.

तिने कोंडा संपवला, गाजरं संपवली, चारा संपवला. शेवटी गव्हाणीचा तळ जिभेने खरवडला आणि आणखी आहे का म्हणून काकांकडे मान केली. डॉक्टर तोवर दोन पावलं पुढे आली होती. तिने साहेबांना विचारलं की हे तिला काय म्हणाले. साहेबांनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा सोडून दिली. काळजीपूर्वक बोलावलं, एवढंच सांगून ते मोकळे झाले. डॉक्टरला ते पटलं नाही, ते तिच्या भुवयांवरून दिसलं.

तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ट्रकचा होता. त्यावर आडवी रेघ मारून साहेबांच्या हातात दिला. मग पाटीवर आजचा कोरा तक्ता लावून ती काकांच्या पुढे धरली. पेन्सिलही दिली.

काकांनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि पाटी गुडघ्यावर ठेवली. रविवार होता. बोटांतून सवयीने नेव्हरचं पहिलं अक्षर सुटायला लागलं, त्यांनी ते आवरलं. पहिल्या ओळीत काय खाल्लं ते लिहायचं होतं. त्यांनी विचार करून लिहिलं, शी एट ऑल. दुसऱ्या ओळीत वेळ. त्यांनी लिहिलं, शी केम लेट. तिसऱ्या ओळीत उशिराचं कारण विचारलं होतं. इथे काका थांबले. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. थोरलीकडे पाहिलं. तिने एक मोठी जांभई दिली. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर तपासत लिहिलं, आय स्पोक इंग्लिश.

डॉक्टरने पाटी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या वाचू लागली. काका बादलीवरून तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ते डावीकडून उजवीकडे जात होते, ओळ संपली की मागे येत होते. आपण लिहिलेलं कुणी वाचताना कसं दिसतं, हे त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या ओळीशी ते डोळे थांबले. तिने तोंडावर हात धरला, पण खांदे हलायचे राहिले नाहीत. सगळं वाचून झाल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली आणि परत वाचू लागली, आणि काका जागचे हलले नाहीत.